१४२८५७ : पिरॅमिडमध्ये न सापडलेली संख्या

‘१४२८५७ ही इजिप्तच्या पिरॅमिडमध्ये सापडलेली गूढ संख्या आहे,’ असा दावा वर्षानुवर्षे फिरतो आहे. संख्या मजेशीर आहे, हे खरंच. २ ने गुणा, २८५७१४. ३ ने गुणा, ४२८५७१. ६ पर्यंत तेच सहा अंक त्याच क्रमाने गोल फिरतात. ७ ने गुणलं की मात्र ९९९९९९.

गूढ काही नाही. १ ला ७ ने भागत जा. बाकी अनुक्रमे ३, २, ६, ४, ५ उरते आणि पुन्हा १ वर येते, म्हणून दशांशात १४२८५७ हाच गट अखंड फिरतो. २ ला ७ ने भागणं म्हणजे याच चक्रात जिथे बाकी २ आहे तिथून शिरणं. चक्र तेच, सुरुवात वेगळी.

अशी ही एकटीही नाही. १ भागिले १७ मधून ०५८८२३५२९४११७६४७ मिळते. १ ते १६ पर्यंत कशानेही गुणा, अंक तसेच फिरतात. (दहाऐवजी आठच्या पायात, म्हणजे ० ते ७ एवढेच अंक वापरून मोजलं तर १/७ म्हणजे नुसते ०.१११…, सगळी जादू गायब!)

आता पिरॅमिड. प्राचीन इजिप्तमध्ये एक, दहा, शंभर यांना वेगवेगळी चिन्हं होती. स्थानिक किंमत नव्हती, दशांश अपूर्णांकही नव्हते. एक सप्तमांश ते थेट अपूर्णांक म्हणूनच लिहीत. अंक जागा बदलतात ही गंमत त्या लेखनपद्धतीत दिसणारच कशी?