मासे मोजायचे की सेंटिमीटर?

नवी टाकी आणली की पहिला प्रश्न ठरलेला: यात मासे किती ठेवायचे? उत्तरही ठरलेलं: चार लिटर पाण्यामागे अडीच सेंटिमीटर मासा. हिशेब सोपा आहे, पण फसवा. या नियमाने ३ सेंटिमीटरचे दहा निऑन टेट्रा आणि ३० सेंटिमीटरचा एक गोल्डफिश सारखेच ठरतात. पण अंगाची ठेवण तीच राहून लांबी दहापट झाली, तर जाडी आणि उंचीही दहापट होते, म्हणजे वजन हजारपट! तो एकटा त्या दहा जणांच्या शंभरपट भरतो. (गोल्डफिश मुळातच गुबगुबीत, तेव्हा जास्तच.) खाणं आणि श्वास वजनाइतके वाढत नाहीत, जरा मागे राहतात; तरी फरक कित्येक पटींचा उरतोच. शिवाय दुकानात दिसतं ते पिल्लू असतं. मोजायचं ते त्याचं पूर्ण वाढीचं माप.

टाकीत जागा संपण्याआधी घाण निस्तरणारे थकतात. मासे अमोनिया सोडतात तो मुख्यतः कल्ल्यांवाटे, त्यामुळे तळाची विष्ठा कितीही उपसा, तो पाण्यात मिसळतच राहतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर राहणारे काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे काही नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट माशांना घातक. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पाणी बदललं की कमी होतं. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून एकाच टाकीचं उत्तर पहिल्या आठवड्यात वेगळं आणि तिसऱ्या महिन्यात वेगळं. दोन-तीन मासे सोडावेत, थांबावं, पाणी तपासावं, मग पुढचे.

लिटरचा आकडाही अपुराच. ६० × ३० × ३० सेंटिमीटरची टाकी आडवी ठेवली तर पाण्याचा पृष्ठभाग १८०० चौरस सेंटिमीटर; तीच उभी केली तर निम्मा. पाणी तेच ५४ लिटर, पण हवेतला ऑक्सिजन शिरतो तो पृष्ठभागातून. पंपाचे बुडबुडेही मुख्यतः पाणी ढवळून हेच काम सोपं करतात. त्यात पाणी जितकं गरम, तितका ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि माशांना नेमका तेव्हाच जास्त लागतो.

टाकीत दाट वनस्पती असतील, तर त्याही रात्री ऑक्सिजन वापरतात. म्हणून गर्दी झाली का, हे संध्याकाळच्या दिव्यात कळत नाही. पहाटे, दिवा लावण्यापूर्वी पाहा: मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर नवा मासा आणण्याचा विचार तूर्त सोडा.