‘नियर’ या शब्दाची पार्श्वभूमी

पुण्यातील एखाद्या दुकानाची जुनी इंग्रजी पावती हातात घेतली, तर पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत ‘नियर’ हा शब्द बहुधा सापडतोच : नियर पेरूगेट, नियर लकडी पूल, नियर अलका टॉकीज. पेठ आणि घर क्रमांक एवढ्यावरून पोस्टमनखेरीज कोणालाच फारसा बोध होत नाही, म्हणून ही खूण द्यावी लागते. आज पेरूगेटापाशी पेरूची बाग नाही, लकडी पूल लाकडाचा राहिलेला नाही आणि कागदोपत्री तो छत्रपती संभाजी पूल आहे. तरीही या खुणांवरून माणसे घरापर्यंत बिनचूक पोहोचतात. कशाच्या तरी आधाराशिवाय ‘नियर’ला अर्थच येत नाही, आणि हा त्याचा स्वभाव जुना आहे, कारण मुळात तो ‘जवळ’ या अर्थाचा शब्द नव्हता, तर ‘अधिक जवळ’ या अर्थाचा होता.

प्राचीन इंग्रजीत ‘जवळ’साठी ‘नेआख’, ‘अधिक जवळ’साठी ‘नेआर’ आणि ‘सर्वांत जवळ’साठी ‘नेआख्स्ट’ अशी तीन रूपे होती. पहिल्या रूपाचे पुढे ‘नाय’ झाले. ते आता कवितेत आणि काही ठरावीक शब्दप्रयोगांतच उरले आहे. तिसऱ्याचे ‘नेक्स्ट’ झाले आणि ‘पुढचा’ हा त्याचा अर्थ इतका रूढ झाला, की त्यातील जवळीक ‘नेक्स्ट डोअर’सारख्या जोडीतच काय ती जाणवते. मधले रूप मात्र तुलनेचा अर्थ टाकून पहिल्याच्या जागी जाऊन बसले. या बदलाला उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंगांच्या भाषेचा हातभार लागला, असे मानले जाते. नवव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत वस्ती केलेल्या या लोकांच्या बोलीतही ‘नेर’ हा शब्द मूळचा तुलनावाचकच होता, पण तो नुसत्या ‘जवळ’ या अर्थानेही चालत असे. पुढे इंग्रजांना ‘अधिक जवळ’ म्हणण्यासाठी नवे रूप हवे झाले आणि ‘नियर’लाच आणखी एक प्रत्यय लागून ‘नियरर’ तयार झाले. म्हणजे आपण शाळेत तोंडपाठ केलेल्या त्या रूपात तुलना दोनदा झालेली आहे! जर्मनने मात्र ही तिन्ही रूपे शाबूत ठेवली, त्यामुळे फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकणाऱ्याला ‘ना, नेअर, नेख्स्ट’ ही मालिका सरळ एका ओळीत भेटते.

शेजाऱ्याला इंग्रजीत ‘नेबर’ म्हणतात, त्यातही हेच ‘नेआख’ दडलेले आहे. त्याला ‘गेबूर’, म्हणजे वस्ती करून राहणारा शेतकरी, जोडून तो शब्द झाला.

संस्कृतातही अशीच रूपांची अदलाबदल आहे. ‘अन्तिक’ म्हणजे जवळ. पण तुलनेच्या प्रत्ययांपूर्वी त्याच्या जागी ‘नेद’ येतो, असे पाणिनीचे ‘अन्तिकबाढयोर्नेदसाधौ’ हे सूत्र सांगते, आणि त्यातून ‘नेदीयस्’ व ‘नेदिष्ठ’ ही रूपे सिद्ध होतात. मराठीत ‘नेदिष्ठ’ कोणी बोलत नाही, परंतु त्याच्याच गोतातील फारसी ‘नज़दीक’पासून आलेला ‘नजीक’ आपण बातम्यांत रोज वाचतो. ‘नियर’शी मात्र या कुळाचे नाते नाही, आरंभीच्या ‘न’वरून तसे वाटणे हा निव्वळ योगायोग आहे.

आधार कोणता धरला आहे, हे न सांगितल्यास हा शब्द फसवतोही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेला ‘नियर ईस्ट’ हा प्रदेश युरोपातून पाहिले तरच जवळच्या पूर्वेला येतो. पुण्यातून तो पश्चिमेला आहे, आणि म्हणून आपण त्याला पश्चिम आशिया म्हणतो तेच योग्य. ब्रिटिश इंग्रजीत गाडीची ‘नियर साइड’ म्हणजे डावी बाजू. घोड्यावर डावीकडून चढण्याची रीत असल्यामुळे स्वाराला जवळची ती बाजू डावी ठरली आणि घोडा गेला तरी शब्द मोटारीला चिकटून राहिला. मोबाइलवर आपण ‘नियर मी’ असे शोधतो, तेव्हा पूल आणि गेट दोन्ही बाजूला पडतात आणि फोन धरणारा स्वतःच खूण होतो.

मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 साली प्रसिद्ध झाला. अशा कोशात ‘नियर’समोर ‘जवळ’ लिहिणे सोपे, उलट दिशेने येणे अवघड. ‘नियरली’ला ‘जवळजवळ’ नेमका बसतो, कारण अंतराचा शब्द अंदाजासाठी वापरण्याची युक्ती दोन्ही भाषांना सुचली आहे. पण आपले ‘जवळ’ तेवढ्यावर थांबत नाही. ‘मी त्याच्याजवळ बोललो’ यात ते संवादाचे आहे आणि भाडे घेताना रिक्षावाले ‘माझ्याजवळ सुटे नाहीत’ म्हणतात, तेव्हा ते मालकीचे आहे. तिथे ‘नियर’ घातले, तर सुटे पैसे रिक्षाच्या आसपास कुठेतरी पडले असावेत, असा अर्थ होईल.