ॲक्युपंक्चर-भूल

ॲक्युपंक्चर-भूल : शस्त्रक्रियेच्या वेळी शरीरावरील ठरावीक बिंदूंत सुया टोचून, त्या हाताने फिरवून किंवा त्यांतून विद्युत्‌स्पंद सोडून वेदना कमी करण्याची चिनी पद्धत. रुग्ण शुद्धीवर असतो. स्पर्श, दाब व ओढ त्याला जाणवत राहते, स्नायू सैल पडत नाहीत. त्यामुळे काटेकोरपणे पाहता हे केवळ वेदनाशमन आहे.

उगम : ही पद्धत हजारो वर्षांची असल्याचे लोकप्रिय लेखनात सर्रास आढळते. त्यासाठी इ. स. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातील वैद्य ह्‌वा थुओ याचा दाखला देतात. परंतु त्याच्या नावावर असलेली भूल सुयांची नव्हे, मद्यातून दिल्या जाणाऱ्या ‘माफेइसान’ या औषधाची आहे. प्राचीन चिनी वैद्यकग्रंथांत दुखण्यावर सुया टोचण्याचे विधी विपुल आहेत; शस्त्रक्रियेत वेदना होऊ नये म्हणून सुया टोचल्याचा निःसंदिग्ध उल्लेख मात्र दाखवला गेलेला नाही. तेव्हा ही विसाव्या शतकातील पद्धत मानणेच सयुक्तिक ठरते.

पहिला प्रयोग सामान्यतः ३० ऑगस्ट १९५८ चा मानतात. शांघायच्या फर्स्ट पीपल्स हॉस्पिटलमधील कान-नाक-घसा तज्ज्ञ यिन हुइजू यांनी हाताच्या पाठीवरील हेगू बिंदूवर सुया लावून टॉन्सिल काढले. टॉन्सिल काढल्यानंतर गिळताना होणारी वेदना या सुयांनी कमी होते, हे तेथे आधी लक्षात आले होते. तीच सुई शस्त्रक्रियेपूर्वी लावून पाहण्यात आली. त्याच वर्षाअखेरीस शिआन येथे विद्युत्‌-सुया वापरून टॉन्सिलचीच शस्त्रक्रिया झाली. काही लेखक विद्युत्‌-पद्धतीचे श्रेय शिआनला स्वतंत्रपणे देतात व ते रास्त दिसते. मात्र ही दोन्ही शहरे आणि पाठोपाठची इतर केंद्रे एकाच वातावरणात काम करीत होती, हे विसरून चालत नाही. ते ‘मोठी झेप’ या चिनी सरकारच्या झपाट्याने उत्पादन वाढवण्याच्या मोहिमेचे वर्ष होते, आणि चिनी वैद्यक हा मोठा खजिना आहे असे माओ त्से-तुंग यांनी त्याच ऑक्टोबरात लिहिले होते. नोंदी कोणी, कशासाठी ठेवल्या याचा विचार तारखांइतकाच महत्त्वाचा आहे. १९६० मध्ये शांघायला फुप्फुसाचा भाग काढण्यापर्यंत मजल गेली.

प्रसिद्धी : जुलै १९७१ मध्ये चिनी वृत्तसंस्थेने चार लाखांहून अधिक शस्त्रक्रिया या पद्धतीने झाल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांचे पेकिंगमध्ये (बीजिंग) अपेंडिक्स काढण्यात आले. ते सुयांच्या भुलेखाली काढल्याचे आजही छापले जाते, पण ते चूक आहे. त्यांना औषधी स्थानिक भूलच दिली होती. सुया लावल्या त्या नंतर पोट फुगून दुखू लागले तेव्हा, कोपराजवळ व गुडघ्यांखाली. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या १९७२ मधील चीनभेटीनंतर पाश्चात्त्य डॉक्टरांची रीघ लागली.

कृती : अंतर रुग्णाच्याच अंगठ्याच्या रुंदीत, म्हणजे ‘त्सुन’मध्ये, मोजतात. हेगू हा बिंदू हाताच्या पाठीवर अंगठा व तर्जनी यांच्या हाडांमध्ये, तर्जनीच्या हाडाच्या मध्याशी असतो. नेइग्वान मनगटाच्या आतल्या घडीपासून दोन त्सुन वर, दोन कंडरांच्या मध्ये. आणि फूतू कंठमण्याच्या पातळीवर मध्यरेषेपासून तीन त्सुन बाजूला. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत हेगू-नेइग्वान ही जोडी किंवा फूतू वापरतात. कवटी उघडताना गालाच्या हाडाखालील च्वानल्याओ, तर छातीसाठी हाताच्या मागील बाजूचा सानयांगल्वो निवडतात. फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेत आरंभी अनेक सुया लागत व त्या फिरवायला तितकीच माणसे. पुढे एका सुईवर काम भागवले गेले.

थायरॉइडचे उदाहरण घेतल्यास क्रम असा. आदल्या रात्री झोपेचे औषध आणि शस्त्रक्रियेच्या थोडा वेळ आधी बहुधा ५० मिग्रॅ. पेथिडीन हे वेदनाशामक देतात. खांद्याखाली उशी देऊन मान मागे कलवतात. सुमारे ०·३ मिमी. जाडीची सुई त्वचेतून जाताच थांबत नाहीत. रुग्णाला ठणका, बधिरपणा, फुगल्यासारखे किंवा जड वाटेपर्यंत ती हळूहळू खोल नेतात. या संवेदनेला ‘देची’ म्हणतात. ती आली नाही तर सुई किंचित मागे घेऊन दिशा बदलतात. फूतूवर हे करताना मानेची मोठी रक्तवाहिनी शेजारीच असते, म्हणून तेथे फार खोल जात नाहीत. मग तारा जोडून रुग्णाला सोसवेल इतकाच प्रवाह टप्प्याटप्प्याने वाढवतात. प्रवाह एकाच दिशेचा ठेवल्यास विद्युत्‌-अपघटनाने सुई झिजून मोडू शकते. म्हणून दोन्ही दिशांचे स्पंद वापरतात. यानंतर २० ते ३० मिनिटे थांबणे अनिवार्य आहे. घाईने छेद घेतला की रुग्ण ओरडतो आणि दोष सुयांवर येतो. त्वचेच्या छेदाशी, ग्रंथीचे वरचे टोक सोडवताना आणि श्वासनलिका ओढली जाताना सर्वाधिक त्रास होतो. तेथे प्रोकेन या स्थानिक भुलेच्या औषधाचे इंजेक्शन हाताशी ठेवतात. रुग्ण बोलू शकत असल्याने स्वरयंत्राच्या मज्जातंतूला धक्का लागतो आहे का, हे तत्काळ कळते. या पद्धतीचा हा खरोखरीचा फायदा आहे.

मर्यादा : चिनी शल्यचिकित्सक तीन अडथळे सांगत : वेदनाशमन अपुरे पडणे, स्नायू सैल न होणे आणि आतील अवयव ओढल्यावर येणारी प्रतिक्रिया. तिन्ही पोटात एकत्र येतात. आतडे कापल्याने फारसे दुखत नाही; त्याचे आवरण किंवा जठर ओढले की मळमळ, ओकारी व नाडी मंदावणे सुरू होते. सुईने स्नायूंकडे जाणारे संदेश अडत नाहीत, त्यामुळे पोटाची भिंत ताठच राहते आणि शल्यचिकित्सकाला आत जागा मिळत नाही. मान, डोके व दात यांच्या शस्त्रक्रियांत पद्धत टिकली आणि जठराच्या शस्त्रक्रियांत मागे पडली ती यामुळेच. छातीचा प्रश्न वेगळा. श्वासनलिकेत नळी न घालता छाती उघडली की त्या बाजूचे फुप्फुस आकसते व दर श्वासाला छातीचा मध्यभाग हेलकावतो. रुग्णाला आधीपासून संथ, पोटाने श्वास घेण्याचा सराव करून घेत आणि धाप लागल्यास मुखवट्यातून ऑक्सिजन देत.

यशाचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास सांगितले जाई. ते वाचताना मोजणीची रीत पाहावी. निकाल चार श्रेणींत लावत. पहिल्या तीन ‘यशस्वी’ धरत. तिसऱ्या श्रेणीत रुग्णाला उघड वेदना झालेली असे व जादा औषध द्यावे लागलेले असे. शिवाय रुग्ण निवडून, तयारी करवून घेतलेले असत. १९८० च्या सुमारास शांघायमधील डॉक्टरांनी तेथील वृत्तपत्रातच या दाव्यांवर टीका केली. २००६ मध्ये बीबीसीने सुयांच्या भुलेवरील हृदयशस्त्रक्रिया म्हणून दाखवलेल्या रुग्णेलाही मिडाझोलाम, ड्रोपेरिडॉल व फेंटानिल ही गुंगीची व वेदनाशामक औषधे आणि छातीत स्थानिक भूल दिलेली होती.

कार्यपद्धती : पारंपरिक स्पष्टीकरण नाड्यांतून वाहणाऱ्या ‘ची’चे, म्हणजे प्राणशक्तीचे, आहे, प्रयोगशाळेत ते हाती लागलेले नाही. हेगूच्या खोल ऊतींत प्रोकेन टोचल्यास परिणाम नाहीसा होतो, म्हणजे संदेश मज्जातंतूंतून जातो. शांघायचे चांग श्यांगतुंग यांनी सुईचे व वेदनेचे संदेश मेंदूतील थॅलॅमसमध्ये एकमेकांवर परिणाम करतात असे मांडले. पेकिंगचे हान जिशेंग यांच्या गटाला वेदना सोसण्याची मर्यादा अर्ध्या तासात हळूहळू चढताना व सुई काढल्यावर सुमारे १६ मिनिटांत निम्म्यावर येताना आढळली. सुया लावलेल्या सशाचा मस्तिष्कमेरुद्रव (मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा द्रव) दुसऱ्या सशाच्या मेंदूत सोडल्यावर त्याचीही मर्यादा वाढली. त्यावरून एखादे रासायनिक द्रव्य स्रवत असावे असा तर्क झाला. १९७५ मध्ये एन्केफॅलिन हे शरीरातच तयार होणारे अफूसदृश वेदनाशामक द्रव्य सापडले; पुढील दोन वर्षांत ब्रूस पोमरांझ यांना उंदरांत, तर डेव्हिड मेयर यांच्या गटाला माणसांत नॅलॉक्सोनने, म्हणजे अशा द्रव्यांची क्रिया रोखणाऱ्या औषधाने, हा परिणाम पुसला जातो असे दिसले. माणसांवरील निष्कर्ष मात्र सर्व प्रयोगशाळांत जुळला नाही. हान यांच्या मते २ हर्ट्‌झ स्पंदांनी एन्केफॅलिन व त्याच जातीचे एंडॉर्फिन, तर १०० हर्ट्‌झने त्याच जातीचे डायनॉर्फिन स्रवते. दीर्घ उत्तेजनाने त्यांना विरोध करणारे कोलेसिस्टोकायनिन वाढून परिणाम ओसरतो. लांबलेल्या शस्त्रक्रियेत शेवटी वेदना परतण्याचे हे एक कारण असू शकते.

अपेक्षा व विश्वास यांचा वाटा वगळणे कठीण आहे, कारण शुद्धीवरील रुग्णापासून सुई लपवता येत नाही. औषधांची भूल दिलेल्या रुग्णांवरील चाचण्यांचा ली व अर्न्‌स्ट यांनी २००५ मध्ये आढावा घेतला. तेवढ्या पुराव्यावर शस्त्रक्रियेत सुया उपयोगी ठरल्याचे म्हणता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळ-ओकारीसाठी नेइग्वानचा आधार त्यामानाने भक्कम आहे.

सद्यःस्थिती : चीनमध्ये आता केवळ सुयांवर शस्त्रक्रिया क्वचितच होते, सुई आणि औषध यांची जोड दिली जाते व औषधाची मात्रा कमी करणे हा हेतू असतो. हृदयात पेसमेकर असल्यास विद्युत्‌-सुया टाळतात.

भारतात ॲक्युपंक्चरचा प्रसार प्रामुख्याने डॉ. बिजयकुमार बसू यांच्याकडून झाला. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे ते सहकारी होते. कोटणीसांच्या नावाने ॲक्युपंक्चर संस्था चालतात, म्हणून त्यांचा या पद्धतीशी संबंध जोडला जातो. पण ते १९४२ मध्येच, म्हणजे या पद्धतीच्या पहिल्या प्रयोगापूर्वीच, वारले. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चर व्यवसायासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे.