राउटर बदलला म्हणून प्रिंटर बाद होत नाही

नवं इंटरनेट कनेक्शन घेतलं की वायरलेस प्रिंटर बंद पडतो, मग माणूस बोलावून तो नव्याने बसवून घ्यावा लागतो, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही, आणि यापायी लोकांचे पैसे जातात, म्हणून स्पष्ट सांगतो.

प्रिंटर वाय-फायचं नाव आणि पासवर्ड लक्षात ठेवतो. राउटर कोणता, कनेक्शन कुणाचं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड टाका. बहुतेक वेळा प्रिंटर आपोआप जोडला जातो. नाव मात्र अक्षरन्‌अक्षर तेच हवं. कॅपिटल अक्षराच्या जागी स्मॉल पडलं तरी प्रिंटरला ते नेटवर्क परकं. मावशीकडे नावाच्या शेवटी चुकून एक स्पेस राहिली होती, ती सापडेपर्यंत अख्खी संध्याकाळ गेली.

तरीही जोडला गेला नाही, तर राउटरवर २.४ गिगाहर्ट्झ हा वाय-फायचा बँड (लहरींचा पट्टा) चालू आहे का बघा. बरेचसे घरगुती प्रिंटर त्यावरच चालतात; ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्यांना दिसतच नाही. राउटरच्या सुरक्षा सेटिंगमध्ये फक्त डब्ल्यूपीए३ (वाय-फाय सुरक्षेची नवी पद्धत) निवडलेलं असेल, तर तिच्या आधीची डब्ल्यूपीए२ सुद्धा चालेल असा पर्याय घ्या, कारण जुन्या प्रिंटरना डब्ल्यूपीए३ समजत नाही.

आणि छपाईला इंटरनेट लागतंच, हाही गैरसमज. शाईच्या वर्गणी योजनेतले काही प्रिंटर सोडले, तर लॅपटॉप आणि प्रिंटर एकाच राउटरवर असले की पुरतं. बाहेरची केबल तुटलेली असली तरी मुलांचा प्रोजेक्ट छापून निघतो.