सरहद्द वेगळी, शस्त्रसंधी रेषा वेगळी

आमच्या अंबरनाथ लोकलच्या ग्रुपमध्ये युक्रेनचा विषय निघाला की एक जण हमखास म्हणतो, "एक रेघ ओढा, मध्ये शांतिसेना उभी करा, विषय संपला." त्यांची कळकळ खरी आहे. पण त्या वाक्यात दोन निराळ्या रेघा एक झालेल्या असतात, आणि ही गल्लत मला धोक्याची वाटते.

सरहद्द म्हणजे निकाल: जमीन कोणाची, ते ठरलं. शस्त्रसंधी रेषा म्हणजे लढाई थांबली तेव्हा सैन्यं जिथे उभी होती ती जागा. सामायिक घराचं वाटणीपत्र नोंदवणं वेगळं आणि मारामारी होऊ नये म्हणून दारात हवालदार बसवणं वेगळं. हवालदार कितीही नेक असो, खोली कोणाच्या नावावर हे तो ठरवत नाही.

1947 ची रेघ सरहद्द होती. ही रेघ आखणारे ब्रिटिश वकील सिरिल रॅडक्लिफ 8 जुलैला भारतात आले आणि त्यांचा निवाडा जाहीर झाला 17 ऑगस्टला, स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. आपलं गाव कोणत्या देशात हे कळायच्या आतच पंजाबात माणसं घरदार सोडून निघाली होती. त्यांच्या रक्षणासाठी 1 ऑगस्टला उभं केलेलं पंजाब सीमा दल महिनाभरातच मोडीत काढलं गेलं. सिंधमधून तर रेघ गेलीच नाही, अख्खा प्रांत पलीकडे गेला. तरी तिथले हिंदू कल्याणजवळच्या लष्करी छावणीत, बराकींत येऊन पडले. आमची लोकल रोज त्याच उल्हासनगरातून जाते. रिक्षावाल्याला आजही पत्ता सांगतात तो "कॅम्प नंबर चार" असाच. निकाल लागला म्हणजे माणसं सुखरूप राहतात, असं नाही.

आपल्याकडे दोन्ही रेघा जम्मू-काश्मीरमध्येच सापडतात. जम्मूच्या सपाटीवर आपण जिला आंतरराष्ट्रीय सीमा म्हणतो, ती. पुढे डोंगरात नियंत्रण रेषा, म्हणजे 1949 च्या कराची करारातल्या युद्धबंदी रेषेचंच 1971 च्या युद्धानंतरचं रूप.

आता हवालदाराची गोष्ट. 1956 च्या सुएझ युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांची सेना इजिप्तच्या हद्दीत आणि गाझात राहिली. इस्रायलने आपल्या बाजूला तिला जागा दिली नाही. त्या सेनेत आपले जवानही होते. दहा वर्षं सीमा बऱ्यापैकी शांत राहिली. मे 1967 मध्ये इजिप्तने "निघा" म्हटलं आणि सेनेला निघावं लागलं, कारण ती यजमानाच्या संमतीवरच उभी होती. 5 जूनला युद्ध पेटलं. सगळे जवान अजून निघालेलेही नव्हते. काही भारतीय त्यात मारले गेले.

सायप्रसमध्ये उलट झालं. तिथे 1964 पासून शांतिसेना आहे. आपले जनरल थिमय्या तिचे प्रमुख असतानाच 1965 मध्ये तिथे वारले. 1974 मध्ये तुर्की सैन्य उतरलं, बेट ग्रीक आणि तुर्की अशा दोन भागांत दुभंगलं आणि मधल्या पट्ट्यावर पहारा बसला. त्या पट्ट्यात राजधानी निकोसियाचा जुना विमानतळ आहे, धावपट्टीजवळ एक प्रवासी विमान तेव्हापासून गंजत उभं आहे. पहाऱ्यामुळे जीव वाचले, हे मी मनापासून मानतो. 2003 पासून काही नाकी उघडली, लोक पलीकडे जाऊन आपली जुनी घरं बघून येतात. ती घरं कोणाच्या नावावर, हे मात्र अजून ठरलेलं नाही.