कुंपणाने खाल्लेलं फुलपाखरू

‘कुंपण घाला, माणसं-गुरं आत येऊ देऊ नका, निसर्ग आपोआप सावरतो.’ हे इतक्यांदा ऐकलंय की वाद घालायचाही कंटाळा येतो. ब्रिटनमधल्या लार्ज ब्लू फुलपाखराच्या बाबतीत मात्र कुंपणानेच शेत खाल्लं.

नाव लार्ज, पण पंख पसरून जेमतेम पाच सेंटिमीटर. मादी रानटी थाइम या सुगंधी झुडपाच्या कळ्यांवर अंडी घालते, अळी दोन-तीन आठवडे फुलं खाते. इथवर शाळेच्या पुस्तकातल्यासारखं. मग एका संध्याकाळी चारेक मिलिमीटरची ती अळी स्वतःहून जमिनीवर पडते आणि नुसती थांबते. मिर्मिका मुंग्या तेव्हाच चाऱ्याला निघतात. मुंगी भेटली की अळीच्या पाठीवरच्या ग्रंथीतून गोड थेंब पाझरतो. मुंगी चाटत बसते, कधीकधी तासन्‌तास. शेवटी अळी अंग फुगवून पुढचा भाग उचलते. आकार, स्पर्श, कातडीवरची रसायनं, सगळं मुंगीच्या स्वतःच्या अळीसारखं! आपलंच लेकरू बाहेर पडलंय अशा समजुतीने मुंगी तिला वारुळात नेते, आणि आत गेल्यावर हे लेकरू खरी लेकरं खायला लागतं. सुमारे दहा महिने. ९८ टक्क्यांहून जास्त वजन ते तिथेच कमावतं, कोषही तिथेच. (‘मुंगी-फुलपाखराची मैत्री’ म्हणतात ती ही!)

घोळ पुढे आहे. मिर्मिकाच्या बऱ्याच जाती अळीला उचलून नेतात, पण ती जगते ती मुख्यतः मिर्मिका साबुलेटीच्या वारुळात. साबुलेटीला जमीन उबदार लागते, म्हणजे गवत चरलेलं, तीनेक सेंटिमीटरच्या आतलं. १९५०च्या दशकात मिक्सोमॅटोसिस या सशांच्या रोगाच्या साथीत गवत चरणारे ससे मेले, गवत वाढलं. फुलपाखरं घटतात ती हौशी संग्राहक पकडून नेतात म्हणून, असा संशय होता; त्यामुळे राखीव जागांना कुंपणं घातली. त्या कुंपणांनी गुरंही बाहेर ठेवली. जमीन गारठली, साबुलेटी हटली, तिच्या जागी दुसऱ्या मिर्मिका आल्या. थाइम होतं, मुंग्या होत्या, अळ्या वारुळात जातही होत्या, फक्त आत मरत होत्या. वरून बघणाऱ्याला काय कळणार?

कीटकांचे अभ्यासक जेरेमी थॉमस यांनी १९७०च्या दशकात हे उलगडलं तोवर उशीर झाला होता. १९७९ मध्ये लार्ज ब्लू ब्रिटनमधून नाहीसं झालं. १९८३ पासून स्वीडनमधून आणून ते पुन्हा वसवलं, पण त्याआधी माळावर गुरं चरायला सोडली.