उसाचं बिल आणि डोक्यातली जागा

ऊसतोडणीच्या आधीचे दोन-तीन महिने कसे जातात, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला सांगायला नको. सोसायटीचं कर्ज, वाण्याची उधारी, पोरीची फी, आणि सगळ्यांना एकच उत्तर: बिल आलं की देतो. या दिवसांत साधी बेरीज चुकते, हातातली चावी घरभर शोधली जाते. मग घरचेच विचारतात, ‘लक्ष कुठे आहे तुझं?’

लक्ष खरंच दुसरीकडे असतं, आणि हे मोजलं गेलंय. तमिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादक शेतकऱ्यांची चाचणी दोनदा घेतली: एकदा तोडणीआधी, हात तंग असताना, आणि एकदा पैसे मिळाल्यावर. समोर ‘5 5 5’ असं दाखवायचं आणि आकडे किती, ते विचारायचं. उत्तर ‘तीन’, पण जिभेवर येतं ‘पाच’. ते आवरायला डोकं मोकळं लागतं. तोच शेतकरी तोडणीआधी जास्त चुकला आणि त्याला वेळही जास्त लागला. आनंदी मणी, सेंथिल मुल्लैनाथन आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2013 साली ‘सायन्स’मध्ये आला. माणूस तोच, बुद्धी तीच. मेंदू एका वेळी मोजक्याच गोष्टी धरून ठेवू शकतो आणि त्यातली बरीच जागा हप्त्याने अडवलेली असते.

पगाराच्या आधी आणि नंतर असाच शोध अमेरिकेत घेतला, तेव्हा मात्र फरक दिसला नाही. त्यामुळे हा नियम सगळीकडे सारखा लागू आहे, असं मी म्हणणार नाही.

मला सगळ्यात पटतो तो ओडिशातला प्रयोग. तिथे मजूर पत्रावळ्या लावायचे, जितक्या लावतील तितके पैसे. काहींना मजुरीतला मोठा भाग काही दिवस आधी दिला, बाकीच्यांना सगळी मजुरी शेवटी. पत्रावळीचा दर सगळ्यांना एकच होता. आधी पैसे मिळालेल्यांनी उधारी फेडली, घरात सामान भरलं, आणि त्यांचं कामही वाढलं. संशोधकांनी पत्रावळ्या उलटसुलट करून पाहिल्या: जास्तीची पानं, जास्तीचे टाके, काडी चुकून पुन्हा टोचल्याची दुहेरी भोकं. लक्ष नसल्याच्या या खुणा आधी पैसे मिळालेल्यांच्या पत्रावळ्यांत कमी होत्या.

पण पैसे लवकर येणारच नसतील तर? अर्धवट राहिलेलं काम मनात घुटमळत राहतं. ते कधी, कुठे, कसं करायचं हे नक्की ठरवलं, तर काम व्हायच्या आधीच ती घुटमळ कमी होते, असं 2011 च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणून वही घ्या. ‘कर्जाचं बघू’ असं लिहू नका. ‘सोमवारी अकराला बँकेत जाऊन हप्ता पुढे ढकलायचं विचारायचं’ असं लिहा. सावकाश श्वास सोडताना हृदयाची गती थोडी उतरते, तेवढा आधार बँकेच्या दारातही घेता येतो. आणि नवं कर्ज काढायचा निर्णय एकट्याने, रात्री जागत, घेऊ नका. घरातल्या कोणाला तरी आकडे मोठ्याने वाचून दाखवा.

ऊस नियंत्रण आदेश 1966 चा. त्याप्रमाणे ऊस कारखान्यात पोचल्यापासून 14 दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळाले पाहिजेत. त्या पत्रावळ्या डोळ्यांसमोर आल्या की ही मुदत मला हिशेबाइतकीच शेतकऱ्याच्या झोपेची आणि शुद्धीची वाटते.